हवेच्या नावाने बंद केलेले पंखे

थोरल्याला लहानपणापासून एक खोड. कुणी टाळी वाजवली की हा उडी मारणार. खाली विहीर आहे का, ते नंतर बघणार. पन्नाशी आली तरी गेली नाही. परवा कारखानदारांच्या सभेत सगळ्यांच्या आधी हात वर करून मोकळा झाला, आम्ही वीज कमी वापरू, हवा चांगली राखू. सक्ती कुणाची नव्हती, तपासायलाही कुणी येणार नव्हतं. चकचकीत फलक तेवढा मिळाला.

तो फलक बघायला म्हणून आई कारखान्यात आली. नवऱ्यामागे हा गाडा तिनेच ओढला होता. फाटकातला फलक बघून ती सवयीने प्लेटिंगच्या, म्हणजे नळांना मुलामा चढवण्याच्या खोलीकडे वळली आणि दारातच थबकली. भिंतीतले वाफ बाहेर ओढणारे पंखे एरवी कानठळ्या बसवत. आज आत चिडीचूप होतं.

ॲसिडच्या टाक्यांवर पिवळट वाफ जडपणे पसरली होती, हलत नव्हती. धाकटा तोंडाला ओला रुमाल बांधून पितळी नळ टाकीत सोडत होता.

"पंखे बिघडले का रे?"

"नाही. दादाने बंद केलेत. विजेचा आकडा खाली यायला हवा म्हणे." त्याला खोकल्याची उबळ आली. रुमाल लाल झाला. त्याने तो घाईने मुठीत दडवला.

आईने भिंतीवरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"मोटारी काढल्यात, आई," मागून थोरला म्हणाला. "कुणी चुकून लावायला नको. तू इथे कशाला? ऑफिसात चल, एसी आहे."

"तो चालतो वाटतं तुझ्या आकड्यात?"

"पाहुण्यांसाठी गं. आणि इथे दार उघडं ठेवलं की भागतं."

"दादा..." धाकट्याने टाकीची कड धरायला हात पुढे केला, ती हाताला लागलीच नाही. तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला.

आईने त्याला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. थोरला त्याचे पाय उचलायला वाकला, तर तिने त्याचा हात झिडकारला. धाकट्याच्या छातीतून भाता फाटल्यासारखा आवाज येत होता.

"गाडी काढ आधी, याला दवाखान्यात न्यायचंय. आणि नीट ऐक. मोटारी बसेपर्यंत कारखाना बंद. बसल्या की टाकीवर तू उभा राहायचंस. तुझ्या खुर्चीत हा बसेल, वाचला तर. नाही वाचला, तर माझ्या दारात पाय टाकू नकोस."