किलोची वाट

काटेवाल्याने जपलेल्या तीन गोष्टी: समोरून बटणं असलेला शर्ट, धुऊन आणलेला, पिशवीतच राहिलेला.

पितळेचं एक किलोचं वजन.

लग्नातली अंगठी. बाळाच्या हातात घातली तर थेट खांद्यापर्यंत सरकेल, असं सिस्टर म्हणाली होती.

काटेवाला, म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा, गेली सहा वर्षं दर शनिवारी दुपारी हॉस्पिटलात येतो. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचे आईबाप तिथल्या एका खोलीत जमतात. चहा त्याची बायको करते. कुठली नळी कशासाठी, मशीन वाजलं की घाबरायचं कधी, दूध कसं साठवायचं, सगळं तो समजावतो. स्वतःचं तेवढं सांगत नाही.

आज एक बसड्रायव्हर आला होता. मुलगी बारा दिवसांची, सातशे साठ ग्रॅम. शर्ट उघडून तिला छातीशी धरा, डॉक्टरांनी हो म्हटलंय, असं सिस्टर रोज सांगते आणि हा रोज काहीतरी निमित्त काढतो.

काटेवाला म्हणाला, साठ माणसं घेऊन गर्दीतून बस काढता आणि पाऊण किलोला घाबरता? सगळे हसले. ड्रायव्हरही हसला, पण हात खिशातच.

"थोडं अंग धरू दे तिला. किलोभर झाली की घेतो," तो म्हणाला. "तुम्ही किती वजनावर घेतलंत, भाऊ?"

बायको चहा गाळता गाळता थांबली. एरवी असा प्रश्न आला की काटेवाला तो हसण्यावारी न्यायचा आणि ती खाली मान घालून साखर ढवळत राहायची. आज तिने मान वर ठेवली.

"मीही किलोच धरून बसलो होतो," काटेवाला म्हणाला. "इथला काटा पाच ग्रॅम जास्त दाखवायचा, तोही मीच नीट करून दिला. पोराचे पाच ग्रॅम कमी झाले."

"मग?"

"नऊशे सत्तरपर्यंत आला, आणि गेला. हातात दिला, तेव्हा नळ्या काढलेल्या होत्या."

ड्रायव्हरने कप ठेवला. कोपरापर्यंत हात धुतले आणि शर्टाची बटणं काढत तो आत गेला.

"तुला हाताला धरून न्यायला हवं होतं मी," बायको हळूच म्हणाली. काटेवाला कप विसळायला लागला.

काटेवाल्याचा मुलगा पाच दिवसांचा असताना सिस्टरने काचेच्या पेटीशेजारी त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती, तेव्हा बाळाचं वजन आठशे दहा ग्रॅम होतं.