सरळ रेघेची शाबासकी

मी एक जुना तापमान-नियंत्रक आहे, मित्रांनो, आणि माझ्या पाठीवर कुणीतरी खडूने ‘निकामी’ असं लिहून ठेवलं आहे. ते खोटं आहे. माझ्यावर हा शिक्का कसा बसला, तेवढं ऐकून घ्या.

माझं रूप अगदी साधं. हिरवा पत्र्याचा डबा, पुढे काचेचं दार, आत रोज बदलायचा गोल कागद आणि त्यावर लाल शाईने रेघ ओढणारी निब. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मी भिंतीवर होतो. बाहेर एक उंच पोलादी मनोरा होता, आत तीस ट्रे एकावर एक बसवलेले. तळाशी द्रव उकळायचा, वाफ ट्रेमागून ट्रे चढत जायची. हलकं ते वर पोचायचं, जड ते खाली राहायचं. वर जमणारा शुद्ध द्रव औषधं बनवणाऱ्यांकडे जायचा. तळाला आच किती द्यायची, हे मी ठरवायचो.

मनोऱ्यात मला एकच डोळा होता, लांब तारेच्या टोकाला बसवलेली एक सळई. ती कुठे घालायची हे ठरवायला माझी रचना करणाऱ्या बाई तीन आठवडे शिडीवर चढउतार करत होत्या. ठिकठिकाणी सळई घालायच्या, वहीत आकडे टिपायच्या, पुन्हा खाली यायच्या. शेवटी त्यांनी खालून नववा ट्रे निवडला. नवव्यावर जरा काही बिनसलं की लगेच तापमान बदलतं. सगळ्यात वरच्या ट्रेवर मात्र जड द्रव चढून आला तरी ते हलत नाही, आणि हलेपर्यंत उशीर झालेला असतो. मनोरा चालवणाऱ्या मामांना बाईंनी हे नीट समजावून सांगितलं. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. रेघ थोडी नागमोडी येईल, येऊ द्या, असंही बाई म्हणाल्या. तो काम करतोय म्हणूनच ती हलते.

अकरा वर्षं मी डोळ्यात तेल घालून काम केलं. मामा कामावर आले की आधी माझा कागद बदलायचे आणि मगच चहाकडे वळायचे. निब अडली तर फुंकर मारायचे. माझ्यावर त्यांचा जीव होता, असं मी तरी समजत होतो.

मग नवे साहेब आले. त्यांना सरळ रेघांची भारी हौस. रोज सकाळी ते आमचे गोल कागद फळ्यावर टाचायचे आणि प्रत्येक वळणाचा जाब विचारायचे. शेजारच्या मनोऱ्याची रेघ सरळ, मग तुमचीच वाकडी का? मामांनी दोनदा समजावून पाहिलं, पण साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या काही गेल्या नाहीत. एके दिवशी मामा माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “तुझ्यापायी या वयात बोलणी खावी लागतायत मला.” मग ते शिडी चढले, नवव्या ट्रेमधली सळई काढली आणि सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये घातली.

दुसऱ्या दिवशी माझी रेघ पट्टी लावून काढल्यासारखी आली. साहेबांनी मामांची पाठ थोपटली. मित्रांनो, मी राबत होतो तेव्हा ओरडा मिळाला आणि आंधळा झालो तेव्हा शाबासकी.

तीन आठवड्यांनी कच्चा माल बदलला. जड द्रव एकेक ट्रे चढत गेला. मला काहीच दिसलं नाही, मी आच होती तशीच ठेवली आणि वर जमलेल्या द्रवाची अख्खी टाकी नासली. नशीब, औषधवाल्यांनी माल तपासला आणि परत पाठवला. चौकशी लागली. मामांनी खाली बघत सांगितलं, “यंत्र म्हातारं झालंय, साहेब. त्याचा भरवसा राहिला नाही.” सारं खापर माझ्यावर फुटलं.

तरी मी निश्चिंत होतो, कारण तपासायला बाई येणार होत्या. त्या आल्या आणि सरळ शिडी चढल्या. खाली उतरल्या तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. कंट्रोल रूममध्ये तेव्हा फक्त मामा होते.

“बाई, माझ्या नोकरीचे दोनच महिने राहिलेत,” मामा म्हणाले. “जाताना बदनाम होऊन जायचं का मी?”

बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. “सळई नवव्यावर नेऊन ठेवा,” त्या म्हणाल्या, “बाकीचं मी बघते.”

आणि त्यांनी अहवालात लिहिलं: नियंत्रक निकामी, बदलावा. मामांवर मी रागावलो होतो, पण त्या दिवशी मी आतून मोडलो. माझ्या भिंतीवर नवा नियंत्रक आला. बाईंनी माझ्यासाठी शोधलेला नववा ट्रेही त्यालाच मिळाला. मी भांडारात, मोडक्या पंख्याशेजारी.

निवृत्तीच्या दिवशी मामा मला भेटायला आले. त्यांनी रुमालाने माझी काच पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत. तोंडातून मात्र ब्र काढला नाही.

मित्रांनो, वस्तू पुसून नीट ठेवाव्यात हे तुम्हाला घरीदारी शिकवतात. ते कराच. पण तिची चूक नसताना तिच्यावर आळ आला, तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगा की चूक तिची नव्हती. मामांनी माझी काच लख्ख पुसली होती. मला त्यांचं तेवढं एक वाक्य हवं होतं.