कौलांवरून हलणारा हात

मित्रांनो, पुण्यातल्या एका गणेश मंडळाच्या देखाव्यातली मी जुनी, माणसाएवढी बाहुली. कागदाचा लगदा, काथ्या आणि गाडीच्या वायपरची मोटार एवढ्यातून बाबुरावांनी मला घडवलं. कौलारू छपरावर बसवलं आणि खाली निळ्या कापडाचं पाणी सोडलं. पानशेतच्या पुराचा देखावा होता तो.

देखणे म्हणजे बघणे. त्यावरून देखावा. लोकांनी बघावं म्हणून मांडतात तो. नुसत्या दिखाऊपणालाही पुढे हाच शब्द चिकटला. माझा हात आडवा हलला की रांगेतली मुलं हसून टाटा करत आणि पुढे सरकत. मंडळाला बक्षीसही मिळालं.

बाबुराव मात्र तेवढ्यात मान फिरवत. माझा चेहरा त्यांच्या मैनाताईचा होता. पुरात ती अशीच छपरावर अडकली होती. सात वर्षांच्या बाबुरावांनी टेकाडावरून तिचा हात हलताना बघितला आणि खेळ समजून आपलाही हलवला. मोठ्यांना सांगितलं नाही. मग ते छप्परच दिसेनासं झालं. मला घडवतानाही माझा हात त्यांनी आडवाच हलेल असा बसवला. डोळ्यांत तेवढाच राहिला होता.

यंदा मंडळाने एलईडी पडदा ठरवला. मी भंगारात जाणार होते. त्याआधी हात एकदा नीट चालावा, म्हणून बाबुराव इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातीला, नम्रताला, घेऊन गोदामात आले.

तिने बटण दाबलं. "चालतोय की आजोबा. मस्त टाटा करते."

"टाटा नव्हती करत ती," बाबुराव म्हणाले. "बोलवत होती."

नम्रताने पाना मागितला, बोल्ट सैल केले आणि मोटार काटकोनात फिरवून बसवली. आता हात पुढे जाऊन आत येऊ लागला.

बाबुराव गुडघ्यावर हात टेकत उठले. जवळ येऊन त्यांनी माझी बोटं धरली.

"आलो गं ताई."

मोटार अडून घरघरू लागली. नम्रता बटणाकडे वळली, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

मी भंगारात गेले नाही. विश्रांतवाडीला त्यांच्या जिन्याखाली उभी आहे. माझी वायर कुठेही जोडलेली नाही. तरी धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की माझा हात थोडा आत आलेला असतो, असं बाबुराव म्हणतात. मी त्यावर काय सांगू?

मित्रांनो, लांबून कुणाचा हात हलताना दिसला, तर लगेच टाटा करू नका. तो आडवा हलतोय की तुम्हाला ओढतोय, एवढं थांबून बघा.