तनुजाचा शिट्टीचा तास

तनुजा राजगुरुनगरजवळच्या वाडीतून चाकणच्या शाळेत नववीला आली. पहिल्याच दिवशी ती "व्हय, बाई" म्हणाली, तर सगळ्या मुली खो-खो हसल्या. तेव्हापासून तिनं वर्गात तोंड उघडणंच सोडलं.

शनिवारी मुलींच्या तासाला विजयश्री बाई म्हणाल्या, "आज प्रत्येकीनं आपल्याला येणारी एक गोष्ट बाकीच्यांना शिकवायची."

कुणी मेंदी शिकवली, कुणी नाच. तनुजा घाबरत उठली, दोन बोटं जिभेखाली घातली आणि शेतातली पाखरं हाकलायची तशी सणसणीत शिट्टी मारली.

"आई गं! आम्हालाही शिकव!" दिपाली ओरडली.

मग काय, चाळीस पोरी फू-फू करायला लागल्या. थुंकी उडाली, कुणी हसता हसता बाकाखाली गेली.

"जीभ मागं दुमडा. न्हाई, अजून मागं!" तनुजा बाकाबाकावर फिरून सांगत होती. आता सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. बाईंनीही बोटं तोंडात घातली. त्यांची शिट्टी वाजली आणि नेमके मुख्याध्यापक दारात!

"मीच वाजवली, सर," बाई लाजल्या. "हिनं शिकवली."

सरांनी मागं वळून पाहिलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "मला कधीच जमली नाही."

"मग बसा की सर, हितं!" तनुजा म्हणाली.

सर खरंच बसले.