वाघ ठेवा

निकेशच्या मोबाइलमध्ये वाघच वाघ होते. मोहर्लीच्या गेटवर तो गाईड. जंगलात मोबाइल नेता येत नाही, पण कॅमेरेवाले पर्यटक घरी पोचले की आठवणीने त्याला वाघ पाठवत, आणि पुढच्या पर्यटकाला दाखवायला ते कामी येत. मोबाइल भरला की काहीतरी पुसावं लागे, आणि पुसलं जाई ते घरचं. एकदा दिव्यानीचा फोटो पुसताना त्याचं बोट जरा अडलं, तर तीच हसली होती.

"मी त घरीच आहो. मले काऊन ठेवता? वाघ ठेवा."

दिव्यानी आता घरी नव्हती. मोहफुलं वेचायला गेली आणि तिला वाघाने नेलं.

उद्या तेरवी. भिंतीवर लावायला फोटो हवा. लग्नाच्या अल्बमची उधईने खाऊन कधीच माती केली होती. उरलं आधारकार्ड, आणि त्यातली बाई कोणाचीही बायको वाटावी अशी. वाघांच्या आड एखादी तरी दिव्यानी दडून राहिली असेल, या आशेने निकेश सकाळपासून एकेक वाघ पुसत होता. पाणवठ्यावरची वाघीण गेली, तिची पिल्लं गेली. यातल्याच कोणी तिला खाल्लं असेल, या विचाराने तळपायाची आग मस्तकात जाई. पण राग धरावा कोणावर? काय ठेवायचं नि काय पुसायचं, हे जनावराने थोडंच ठरवलं होतं!

शेवटी सगळे वाघ संपले. दिव्यानी कुठेच नव्हती.

तेवढ्यात, आधारकार्ड ज्याच्याकडे देऊन ठेवलं होतं त्या चंद्रपूरच्या फोटोवाल्याचा फोन आला. "भाऊ, आधारवरचा चेहरा साफ करून देतो. पण लय पुसट आहे. काही खूण होती काय? तीळ-गीळ? टाकून देतो."

"होता ना. गालावर."

"कोन्या गालावर?"

झाडीतून नुसतं डोकं दिसलं तरी गालावरच्या पट्ट्यांवरून वाघ कोणता हे निकेश सांगे. डावा गाल असो की उजवा, कधी चुकला नाही. आणि इतकी वर्षं जिच्या हातचं जेवला, तिचा गाल त्याला आठवेना.

त्याने लेकीला जवळ ओढलं. "दीपाली, मायचा तीळ कोन्या गालावर होता?"

पोरीने उजव्या गालावर बोट ठेवलं. मग बापाचं तोंड पाहून ते डाव्यावर नेलं, आणि रडायला लागली.

"भाऊ, आहा ना फोनवर? कोन्या गालावर?"

"नका टाकू तीळ," निकेश म्हणाला. "नव्हताच म्हणा."