सहावा वॉल

लोहाऱ्याकडच्या पाच ग्रामपंचायती सोमवारी शहराच्या पालिकेत विलीन झाल्या आणि गुरुवारी सकाळी बबनराव पाण्याच्या खड्ड्याशी चाबी घेऊन उभे राहिले. कोणता वॉल, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह, फिरवावा, हे त्यांना कळेना.

कागदावर ते एकोणीस वर्षं ग्रामपंचायतीचे वॉलमन. पण पाणी सोडायची त्यांची बायको, शकुबाई. बबनराव सकाळीच कपाशीत जात. शकुबाईने प्रत्येक वॉलला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवली होती. माळीपुऱ्याला लाल, मशिदीच्या गल्लीला हिरवी, शाळेकडे पिवळी, अशा पाच. चार महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून बबनराव चिंधीचा रंग बघून काम भागवत. कोणता वॉल कितवा, हे त्यांनी डोक्यात ठेवलंच नव्हतं.

काल शहराची माणसं आली. त्यांनी खड्डा साफ केला, एक नवी लाइन जोडली, पाचाचे सहा वॉल केले आणि सगळ्यांना निळा रंग दिला. चिंध्या कचऱ्यात गेल्या.

आता पालिकेच्या इंजिनिअर सुरभी मॅडम यादी घेऊन बाजूला उभ्या होत्या.

"काका, कोणत्या वॉलने कोणती गल्ली, तेवढं दाखवा. जो पाणी सोडतो त्यालाच पालिकेत घ्यायचं आहे. तुमचं नाव लिहिते."

"हो मॅडम," म्हणत बबनरावांनी दुसरा वॉल फिरवला.

थोड्या वेळाने मशिदीच्या गल्लीतून हजराबी आली.

"बबनभाऊ, आज तं माळीपुऱ्याची पाळी. आमचा नळ काहून आला? बर्तन बी नाही लावले."

"थांब, करून राह्यलो."

त्यांनी तो बंद करून चौथा सोडला. हजराबी वळणापर्यंत जाऊन परत आली.

"आता शाळेपुढं पाणी वाहून राह्यलं. मास्तर चप्पल हातात घेऊन उभा आहे."

मॅडम हसल्या. बबनराव वॉलांकडे पाहत राहिले. लाल चिंधी पहिली होती की तिसरी? ते लाल लुगडं शकुबाई पांढरकवड्याला एका लग्नात नेसली होती. त्याचा काठही त्यांना आठवत होता. वॉल आठवत नव्हता.

"शकूभाभीला अंधारात बी समजे," हजराबी म्हणाली आणि तिने जीभ चावली.

मॅडमनी वर पाहिलं. "त्या कोण?"

बबनरावांनी चाबी खाली ठेवली.

"माझी बायको. मॅडम, पाणी मी नाही सोडलं कधी. तिनंच सोडलं. ती वारली. मले तं आता आपण गावात आहो का शहरात, हेच समजून नाही राह्यलं."

मॅडमनी यादीवरचा पेन उचलला. "मग तुमचं नाव इथं बसत नाही, काका."

"नका लिहू. तिचं लिहा. शकुबाई बबनराव गावंडे."

हजराबी गल्लीगल्लीत जाऊन कुठे पाणी आलं ते हाका मारून सांगत राहिली. दुपारपर्यंत पाच वॉल सापडले. बबनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा फाडून चिंध्या बांधल्या. सगळ्या पांढऱ्याच, म्हणून पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन. सहाव्याचं पाणी कुठे जातं, ते मॅडमच्या नकाशातही नव्हतं.

मॅडमनी यादी पुढे केली. शकुबाईचं नाव लिहिलेलं होतं.

"नावापुढच्या या चौकोनात सही लागते, काका. नाहीतर अंगठा."

"ती सही करे, मॅडम. अंगठा नाही लावला कधी."

मॅडमच्या हातातला पेन तसाच राहिला. दोघंही त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत उभे राहिले.