आठव्या क्रमांकाची मालकी

मिलर्स्टन हायस्कूलच्या जेवणघरात खिडकीकडच्या लांब टेबलावर आठ जण बसत, आणि त्या आठ जणांचे आठ बेसबॉल संघ होते. संघ अर्थातच हवेतले. मार्चमध्ये थॅड ओस्ट्रँडरच्या तळघरात बसून सगळ्यांनी पाळीपाळीने खरेखुरे नामवंत खेळाडू आपसात वाटून घेतले होते. ते खेळाडू टीव्हीवर जे काही दिवे लावतील, त्याचे गुण इथे ह्यांच्या नावावर. आपण मिलर्स्टनमधल्या कुणाच्या तरी मालकीचे आहोत हे त्या खेळाडूंना ठाऊक नव्हतं, हे त्यांचं नशीब.

थॅड ह्या लीगचा अध्यक्ष होता. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं, पण तळघर त्याचं होतं. नियमही त्यानेच केले होते, आणि केले होते म्हणजे काय, एका रविवारी पिझ्झा यायला उशीर झाला तेवढ्या वेळात केले होते.

दर सोमवारी संध्याकाळी ग्रुपवर संघांची क्रमवारी पडायची. गुणतक्ता वेगळा, क्रमवारी वेगळी. गुणतक्ता यंत्र करतं. क्रमवारी माणूस लिहितो, आणि कोण खरोखर चांगला नि कुणाचं नुसतंच फळफळलंय, ते प्रत्येक संघाला एकेक परिच्छेद खर्चून सांगतो. हे काम कुणालाच नको होतं, म्हणून ते मोठ्या मनाने टेबलावर नव्या आलेल्या मुलीला देण्यात आलं. कोरीन वास्कोला. सहा आठवड्यांच्या बोलीवर. नंतर हात वर करून ठरवायचं, लेखणी तिच्याकडे ठेवायची की काढून घ्यायची.

ही कोरीन आदल्या अख्ख्या वर्षात, हजेरी सोडल्यास, वर्गात अकरा वाक्यं बोलली असेल. त्यातली चार ‘सॉरी’ होती. आणि पहिल्याच सोमवारी तिने वेंडेल प्रूइटबद्दल लिहिलं. वेंडेलने मांडी दुखावलेला एक खेळाडू अकरा दिवस संघात तसाच खेळता ठेवला होता. कोरीनने लिहिलं, “खेळाडूची मांडी बरी झाली. वेंडेलचं लक्ष अजून प्लास्टरमध्ये आहे.” मंगळवारी त्याच टेबलावरच्या लिंडी हासने बाकावर उभं राहून ते मोठ्याने वाचलं, आणि पलीकडच्या टेबलावरची बारावीची मुलं वळून बघायला लागली. त्या दिवसापासून कोरीनची मान दोन इंच तरी वर आली. ती वर्गात हात वर करायला लागली. लोकांच्या वाक्यांमध्ये शिरायला लागली. लीगचा चषक गेला खड्ड्यात, तिला ती लेखणी हवी होती. कायमची.

अडचण एवढीच की लेखणी देणारे तेच सात जण होते, ज्यांची तिने पाच आठवडे सालटी काढली होती.

थॅड तर पेटलाच होता. गुणतक्त्यात तो पहिला होता आणि क्रमवारीत पाचवा, कारण कोरीनच्या मते त्याचा विजय म्हणजे समोरच्याच्या संघातले तीन जण आजारी पडणं. बुधवारी मतदान आहे, आणि काही लोकांना ह्या लीगचा मान राखता येत नाही, असं तो वेफर्स खात खात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने लिंडीला सांगत होता.

तेव्हा कोरीनने काय करावं? तिने रविवारी बसून एक गोड क्रमवारी लिहिली. इतकी गोड की दातांच्या डॉक्टरने वाचली असती तर सुट्टी रद्द केली असती. थॅड पहिला, “दूरदृष्टीचा कर्णधार”. लिंडी दुसरी, “जिद्दीचं दुसरं नाव”. शेवटचा नेहमीप्रमाणे वेंडेल, पण “मनाने पहिला”.

सोमवारी सकाळी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये तिने ती वेंडेललाच दाखवली. वेंडेल सावकाश वाचणारा मुलगा. वाचून झाल्यावर त्याने फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

“कोणी वारलंय का?” त्याने विचारलं.

“का?”

“अंत्यविधीच्या पत्रिकेत असं लिहितात. मी मनाने पहिला आहे म्हणे. अगं, मी काय वाकडं केलंय तुझं? सरळ शिव्या घाल ना.”

मग तो म्हणाला की प्लास्टरवालं वाक्य त्याने लॉकरच्या दाराला आतून चिकटवलंय, आणि त्याचा काका तर ते कामावर सगळ्यांना ऐकवतो. कोरीनने फोन दप्तरात टाकला. पण वेंडेलच्या खेळाडूच्या मांडीवर विनोद करणाऱ्या ह्या बाईंनी आदल्या शनिवारी काय दिवे लावले होते, ते कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी तिच्या सगळ्यात भारी पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या रूबन अ‍ॅशकॉटने, चौदा फलंदाज बाद केले. अख्ख्या हंगामातला सर्वोत्तम खेळ. आणि तो कोरीनच्या संघात राखीव बाकावर बसलेला होता. सामना एक दहाला सुरू होतो, सुरू झाला की संघ कुलूपबंद होतो, आणि कोरीनने फोन उघडला एक वाजून बारा मिनिटांनी, कारण ती आरशासमोर उभी राहून लिंडीला कसं उत्तर द्यायचं त्याचा सराव करत होती. चौदा बळींचे शून्य गुण. तिने ह्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. गोड क्रमवारीत स्वतःच्या संघाला निमूटपणे तिसरा क्रमांक देऊन ती पुढे सटकली होती.

त्या संध्याकाळी तिने गोड क्रमवारी पुसून टाकली आणि खरी लिहिली. थॅड पाचवा, पूर्वीच्याच कारणासाठी, फक्त ह्या वेळी आजारी माणसांची नावं देऊन. वेंडेल सातवा. आणि आठवा, शेवटचा, तिचा स्वतःचा संघ: “हिच्याकडे ह्या हंगामातला सर्वोत्तम पिचर आहे आणि तो बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतो. वेंडेल निदान जखमी माणसाला खेळवतो. ही धडधाकट माणसाला विश्रांती देते. देव अ‍ॅशकॉटला नवी मालकीण देवो.” वाचून तिला स्वतःलाच हसू आलं. हुशार माणूस स्वतःवरही हसू शकतो वगैरे उदात्त विचार करत ती झोपली.

मंगळवारी जेवणघरात ट्रे ठेवते न ठेवते तोच थॅडने टाळ्या वाजवल्या. सावकाश, तीनच.

“मानलं बाई तुला,” तो म्हणाला. “सालास आला त्याच आठवड्यात आठवा नंबर.”

कोरीनचा हात बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांवरच थांबला.

पिझ्झाची वाट बघताना केलेल्या नियमांत एक असा होता की, जो खेळाडू कुणाकडेच नाही तो मागायचा पहिला हक्क क्रमवारीत शेवटच्याला, त्याने सोडला तर त्याच्या वरच्याला. आणि रविवारीच डेमेट्रिओ सालास नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा खालच्या लीगमधून वर आला होता. पहिल्याच सामन्यात त्याने दोनदा चेंडू मैदानाबाहेर टोलवला होता, आणि तो अजून कुणाचाच नव्हता. अख्ख्या टेबलाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. स्वतःवर हसण्याच्या उदात्त भरात कोरीन हे साफ विसरली होती.

तिने तसं सांगितलं. म्हणजे सांगून बघितलं. लिंडी म्हणाली, हो हो, आणि मीही इथे ह्या बटाट्यांच्या चवीसाठीच येते. एकदा टाकलेली क्रमवारी बदलता येत नाही हासुद्धा थॅडचाच नियम, आणि ह्या वेळी तो त्याला शब्दशः पाठ होता.

वेंडेल मात्र हसला नाही. तो ट्रे उचलून उठला आणि जाताना तिच्याशेजारी थांबला.

“पाच आठवडे मी शेवटचा राहिलो,” तो हळू आवाजात म्हणाला. “मला काय आवड होती का? असा एखादा पोरगा येईल म्हणून थांबलो होतो. तो नंबर माझा होता, कोरीन.”

आतापर्यंतचा तिचा सगळ्यात प्रामाणिक परिच्छेद, आणि त्याची मिळकत ही: थॅडच्या लेखी ती लबाड, वेंडेलच्या लेखी चोर.

मागण्या मंगळवारी रात्री नऊच्या आत गुपचूप टाकायच्या असत. साडेआठला कोरीनने सालासचं नाव टाकलं. कुणी विश्वास ठेवत नाहीच, तर निदान फायदा तरी घ्यावा, असा रोखठोक हिशोब. पडद्यावर ते नाव फार छान दिसत होतं. अ‍ॅशकॉट आणि सालास एकाच संघात असते तर थॅडचं तोंड कसं झालं असतं, तेही तिने नीट, सावकाश डोळ्यांपुढे आणून बघितलं. मग तिने नाव खोडलं, रकाना रिकामा ठेवला, आणि फोन मोज्यांच्या खणात टाकून खण बंद केला. ग्रुपवर तिने काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तरी लिंडीने बटाट्यांचाच दाखला दिला असता.

बुधवारी सकाळी यादी लागली: सालास, वेंडेल प्रूइटकडे.

दुपारी थॅड मतदान घ्यायला उभा राहिला, पण त्याआधी त्याला हसू आवरेना. त्याच्या मते प्रकरण उघड होतं. पहिला हक्क हातात असताना पोरगी मागणी टाकायलाच विसरली. चौदा बळींचा पिचर बाकावर, आणि आता हे. अशा मुलीने इतरांना क्रमांक द्यायचे? टेबल हसलं. कोरीनचे कान तापले. चोवीस तासांत लबाडपणातून मूर्खपणात बढती मिळाली होती, आणि ती नाकारायची तर आपण किती थोर आहोत ते स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार होतं.

तिची लेखणी राहावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा, असं थॅड म्हणाला. ज्याच्याबद्दल मतदान त्याला मत नाही, म्हणजे मतं सात, हवे होते चार हात. लिंडीचा हात ताबडतोब वर गेला. मला मंगळवारी वाचायला काहीतरी लागतं, असं तिने थॅडला सुनावलं. मग तिच्या पलीकडचे दोन. तीन.

वेंडेलचे दोन्ही हात टेबलावर होते. तो कोरीनकडे बघत होता.

“विसरलीस की सोडलास?” त्याने विचारलं.

कोरीनने तोंड उघडलं. आरशासमोर सराव केलेली निदान सहा उत्तरं तिच्याकडे होती आणि त्यातलं एकही ह्या प्रश्नाचं नव्हतं.

“सोमवारी वाच,” ती म्हणाली.

वेंडेलने थोडा विचार केला. तो सगळंच सावकाश करायचा. मग त्याने हात वर केला, फारसा नाही, कोपर टेबलावर टेकवूनच.

थॅडने हात मोजले. मग लिंडीपासून पुन्हा एकदा मोजले, बोट दाखवून, आणि मग उलट्या बाजूने, वेंडेलपासून. तिकडूनही ते चारच भरले.